उन्हाळ्यातल्या डब्यासाठी अंड्याविना बटाट्याचे सॅलड

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
एप्रिल उजाडला की आमच्याकडे दुपारी गरम भाजी कोणालाच नको असते, म्हणून गेल्या दोन आठवड्यांत मी तीन वेळा बटाट्याचे सॅलड केले आणि तिन्ही वेळा ते फसले. सासूबाई अंडे खात नसल्याने मेयोनीजऐवजी मी दही वापरते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत बटाटे फुटतात, कालवताना त्यांचा लगदा होतो आणि काकडीला सुटलेले पाणी तळाशी साचते. यजमानांचा डबा सकाळी साडेसातला सातपूरला जातो आणि एक वाजता उघडतो. तोवर दही आंबून गेलेले असते. यावर काही उपाय आहे का?

गोदाकाठ:
कुकर आधी बाजूला ठेवा. बटाट्याच्या इंचभर फोडी करून त्या मीठ घातलेल्या गार पाण्यातच चढवाव्यात, कारण उकळत्या पाण्यात टाकल्यास आतला भाग शिजेपर्यंत कडा विरघळू लागतात. लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले तर आम्लामुळे फोडी आकार धरून राहतात, फक्त शिजायला थोडा अधिक वेळ लागतो. सुरीचे टोक सहज शिरले की लगेच निथळा आणि फोडी वाफाळत असतानाच लिंबाचा रस, तेल, मीठ व मिरपूड लावा; गरम बटाटा चव आत ओढून घेतो, गार झालेल्याच्या ती नुसती अंगावर राहते. दक्षिण जर्मनीत तर हे सॅलड मेयोनीजशिवाय, व्हिनेगर, तेल आणि गरम सूप घालूनच करतात, तेव्हा अंड्यावाचून आपले काही अडलेले नाही.

बुधवारच्या बाजारात अंगठ्याने चोळताच साल सुटणारा नवा बटाटा मिळाला तर तोच घ्यावा. शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. आठवडाभर टोपलीत उघडा ठेवल्यास ही गोडी बरीच उतरते.

पंचवटीची सुगरण:
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मात्र दही सोडण्याचे कारण नाही, ते बांधून घ्यावे. अर्धा किलो दही मलमलीच्या फडक्यात तीन-चार तास टांगले की घट्ट चक्का मिळतो. त्यात फेसलेली मोहरी घाला. चमचाभर मोहरीची पूड गार पाण्याचे थेंब टाकत वाटीत फेसत राहिल्यास पाच-सात मिनिटांत नाकात झिणझिण्या येतात. तोच तिचा तिखटपणा, आणि तो गरम फोडींवर मरतो, म्हणून बटाटे पूर्ण गार झाल्यावरच हे मिश्रण कालवावे. काकडीला मीठ लावून पंधरा मिनिटांनी पिळून घ्यावे. आमच्याकडे शेवटच्या तोड्याची द्राक्षे अर्धी कापून घालतात, पण ती वाढतानाच. एकादशीला मोहरीऐवजी दाण्याचे कूट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड चालते.

सातपूरकर:
पाककृती उत्तम आहे, पण डब्याचा मूळ प्रश्न राहूनच गेला. शिजवलेला बटाटा दह्याशिवायही उन्हात बिघडतो. 32 अंशांच्या वर असे पदार्थ तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नयेत, आणि आपल्याकडे एप्रिलमधली दुपार याच्या कितीतरी पुढे असते. म्हणून सॅलड रात्रीच करून फ्रीजमध्ये थंड करावे आणि सकाळी उष्णतारोधक पिशवीत गोठवलेल्या ताकाच्या बाटलीला टेकवून डबा भरावा. बाटली गोठवताना वर दोन बोटे जागा सोडावी. कामावर पोचताच डबा फ्रीजमध्ये ठेवता येत असेल तर उत्तमच. नसेल तर हा पदार्थ रविवारी घरीच खावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांचे आभार. काल फोडी अखंड राहिल्या आणि फेसलेल्या मोहरीने सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. यजमानांच्या कारखान्यात फ्रीज आहे, परंतु तो आधीच सर्वांच्या ताकाच्या बाटल्यांनी भरलेला असतो, त्यामुळे त्यांच्या डब्यात तूर्त पोळी आणि मटकीची उसळच जाईल.