सल्ला हवा : पाचवीच्या पालकांना परीक्षा समजावून सांगायच्या आहेत, बजेट ५०० रुपये

घरकुलची_आई
नमस्कार. सोलापुरात महापालिकेच्या मराठी शाळेत माझी मुलगी पाचवीला आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. वर्गातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. परीक्षांचा नुसता गोंधळ आहे. पायाभूत चाचणीत गुण कमी पडले म्हणून एका पोरीने घरी मार खाल्ला. शिष्यवृत्तीत नापास झालं तर वर्ष जाईल, या भीतीने काहीजण फॉर्मच भरत नाहीत. एका रविवारी सगळ्यांना बोलवायचंय. पुस्तिका काढू, फ्लेक्स लावू की कुणाला भाषणाला बोलवू? ५०० रुपये आहेत, वर एक रुपया निघणार नाही.

नवी_पेठेतला
पुस्तिकाच काढा ताई. आमच्या समाजाच्या मेळाव्याला १६ पानी रंगीत काढली होती, चकचकीत कागदावर. लोकांनी अजून जपून ठेवलीय. तीन-साडेतीन हजारांत बसेल.

मोहोळकर
पुस्तिका राहू द्या, नवोदयचं सांगा. आमचा मुलगा पोखरापूरच्या नवोदयला लागला. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तासांचा पेपर. सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथंच. आमच्या वाडीवरून लागलेला तो पहिलाच.

कर्णिकनगर
अभिनंदन दादा, पण नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात. शहरातल्या पोरांना चुरस फार. आणि ताईंनी विचारलंय वेगळंच.

मोहोळकर
चुरस आहे म्हणून फॉर्म भरायचाच नाही का?

अक्कलकोट_रोड
लई चाचण्या झाल्यात बघा. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. आमच्या पोराचे गुरुजी शिकवायचं सोडून मोबाईलवर गुण भरायलेत. त्यात त्या डिसेंबरात परख का काय झाली, तिचा निकाल आजपर्यंत हातात नाही. हेडमास्तरांना तीनदा विचारलं.

निवृत्त_गुरुजी
तो निकाल घरी येतच नाही. परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, निवडक शाळांत, तिसरी, सहावी आणि नववीला. त्यातून जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र कळतं, एकेका मुलाचे गुण सांगण्यासाठी ते नाहीच.

ताई, पालकांना आधी एवढंच सांगा की कुठल्या परीक्षेने पोर मागं राहू शकतं आणि कुठल्या परीक्षेने नाही. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेवर असते: भाषा, गणित, इंग्रजी. पोराला कुठं अडतंय ते शिक्षकाला कळावं, एवढाच तिचा उपयोग. त्यावरून मारणं म्हणजे ताप मोजला म्हणून पोराला मारणं. शिष्यवृत्ती ऐच्छिक आहे. तिच्यात कमी पडलं तर काहीही जात नाही.

खरी लक्ष देण्याची परीक्षा म्हणजे पाचवीची वार्षिक, आणि तिची भीती कुणालाच नाही. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. नाही पडले तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, तिच्यातही राहिलं तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही. हे सगळं तोंडी सांगा.

अक्कलकोट_रोड
हे आमाला कुणी सांगितलंच नाही की. माझं थोरलं आठवीला हाय.

निवृत्त_गुरुजी
मग त्याचा एनएमएमएसचाही फॉर्म भरा, ती आठवीच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. महापालिकेची शाळा चालते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

साखर_पेठ
क्लासचे सर बोलवा, फुकट येतात. परवा आमच्या गल्लीत दोन तास बोलले.

कर्णिकनगर
आमच्याकडेही एकजण फुकट आले होते. शेवटची वीस मिनिटं प्रवेशाच्या पावत्या फाडण्यात गेली, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या बाया मान खाली घालून उठून गेल्या. शाळेच्या आवारात हे नको.

साखर_पेठ
सगळे तसे नसतात. बरं, निदान पत्रक तेलुगूत छापा.

पूर्वभाग_सोलापूर
तेलुगूत छापून कोण वाचणार? आमच्या घरात सगळे तेलुगू बोलतात, लिपी फक्त आजोबांना येते. पोरं मराठीच वाचतात. बोलून सांगा, तेच बरं.

नवी_पेठेतला
मराठीत छापा मग. आठ पानी केली तर स्वस्तात होईल.

टॅबवाला_बाबा
प्रत्येकाने एक टॅब घ्यावा. मी मुलीला नऊ हजारांचा घेतला, सराव प्रश्नांचं ॲप आहे त्यात. गुण वाढले.

निवृत्त_गुरुजी
ताईंचं बजेट ५०० आहे, तेही सगळ्या वर्गाचं.

आणखी एक. शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती, आता परत चौथी-सातवीला नेण्याचं ठरलंय. म्हणजे चौथीच्या पालकांनाही बोलवा. आणि सभा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या आधी घ्या, जानेवारीत कुणी सापडत नाही.

घरकुलची_आई
सगळ्यांचे आभार. गुरुजी, ३५ टक्क्यांचं मलाही अर्धवटच माहीत होतं, शाळेत विचारून खात्री केली. बरोबर आहे.

पण मी पुस्तिका काढत नाही, फ्लेक्स नाही आणि भाषणही नाही. शिष्यवृत्तीचे जुने पेपर परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातलं बुद्धिमत्तेचं एक आणि गणिताचं एक पान झेरॉक्स करणार, गोल रंगवायची उत्तरपत्रिकाही. आई-बापाने पोराशेजारी बसून दहा प्रश्न सोडवायचे. प्रश्न वाचायचा पोरांनी, तेलुगूत सांगायचा पोरांनीच.

कर्णिकनगर
पालकांना परीक्षेला बसवणार? पुढच्या वेळी कुणी येणार नाही. गुरुजींचं ऐका, तोंडी सांगा.

निवृत्त_गुरुजी
मलाही धाकधूक वाटते. ज्यांना अक्षरओळख नाही ते लाजतील.

घरकुलची_आई
बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना अक्षर लागत नाही गुरुजी. काल शेजारच्या काकूंना एक दाखवली. विड्यांचा कट्टा बांधता बांधता त्यांनी बरोबर आकृतीवर बोट ठेवलं, आणि आमच्या पोरीने चुकीच्या. मग काकूंनीच तिला का ते सांगितलं. असं झालं की त्या मार्कांवरून मारणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. पेपर झाला की तुमचं पास-नापासचं दहा मिनिटांत सांगते, तेव्हा ते ऐकतील. झेरॉक्सचे पैसे जाऊन चहाला उरतात.

अक्कलकोट_रोड
आठवीचंबी एक पान काढा ताई. मी येतो.

नवी_पेठेतला
उत्तरपत्रिका तरी जाड कागदावर काढा. करून देतो, फक्त कागदाचे पैसे द्या.