शेपटाकडून शोधा

ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच येतील असे लांब इंग्रजी शब्द कोणीतरी विचारलेत आणि उत्तरात 'एज्युकेशन' आलाय. तो ९ अक्षरांचा, त्याच्या पुढे नक्की जाता येतं. सुरुवातीपासून आठवत बसू नका, शेपटाकडून शोधा. शेवटी टी-आय-ओ-एन ठेवलं की दोन स्वर मिळाले, उरले ए, ई, यू. मग 'रेग्युलेशन', 'रेप्युटेशन', 'प्रिकॉशन' पटापट सुचतात, तिन्ही १० अक्षरी. शेवटी ए-बी-एल-ई आणि सुरुवातीला यू-एन लावलं, तर मध्ये फक्त ओ आणि आय हवेत: 'अनप्रॉफिटेबल', १२!

माझा सगळ्यात लाडका शब्द 'अनकॉम्प्लिमेंटरी'. १५ अक्षरं, आणि स्वर चक्क उलट्या क्रमाने: यू, ओ, आय, ई, ए. (शेवटचा वाय स्वरांत धरलेला नाही. आणि 'प्लि'मध्ये आयच हवा. ई घालून होणारा शब्द वेगळा, त्यात ई दोनदा येतो.) वाय नकोच असेल तर 'सबकॉन्टिनेन्टल' घ्या. तोच उलटा क्रम, १४ अक्षरं. सरळ क्रम हवा असेल तर 'फसीशस' (facetious) आहे, पण तो पुन्हा ९ अक्षरीच.