बजीचं मडकं बारा महिने? तेही सोलापुरात?

माळवद:
परवा कडकभाकरी यांनी इथेच लिहिलं होतं: "लव्हबर्डला लागतंय काय? मडकं टांगा, वाटीत बाजरी ओता, बारा महिने पिल्लं. वाळवंटातला पक्षी, सोलापूरच्या उन्हाला भीक घालत नाही." त्याखाली वाहवा करणारे प्रतिसाद वाचले आणि राहवलं नाही. लांबेल, सांभाळून घ्या.

बजी, म्हणजे ज्याला आपल्याकडे लव्हबर्ड म्हणतात तो छोटा पोपट, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, मान्य. पण तिथे तो थव्याने पाण्यामागे फिरतो, भर दुपारी झाडाच्या सावलीत गप्प बसतो आणि पाऊस होऊन गवताला दाणा धरला की मगच अंडी घालतो. आपल्याकडे पत्र्याखाली दीड फुटी पिंजरा, सदा भरलेली वाटी आणि वर अंड्यांसाठी टांगलेलं मडकं. मादीला वाटतं सुगी संपतच नाही. ती घालत सुटते.

हिशेब करा. एक दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी, उबवणीचे १८ दिवस, पुढे ३०-३५ दिवसांनी पिल्लं मडक्याबाहेर. म्हणजे वीण दोन महिन्यांची, आणि शेवटचं पिल्लू बाहेर पडायच्या आत पुढची अंडी सुरू. वर्षाला पाच-सहा विणी. कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही की हाडांतून निघतं. अशा मादीच्या अंड्याचं कवच आधी पातळ पडतं, मग मऊ, आणि एक दिवस अंडं अडकतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते, श्वासागणिक शेपूट वरखाली. मेली की आपण म्हणायचं, ऊन लागलं.

आणि ऊन तरी कुठे कमी आहे? अंड्याला साधारण साडेसदतीस अंश लागतात. एप्रिल-मेमध्ये इथे सावलीत ४२-४३. मादी तेव्हा उबवत नसते, अंड्यांबरोबर स्वतःच भाजत असते. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढंच त्याच्या हातात. मडक्यात पंख धरायलाही जागा नाही. त्यात हवा कोरडी. अंड्यातलं पाणी उडतं, आतला पापुद्रा चिवट होतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू ऐन फुटायच्या वेळी कवचातच मरतं.

पोळ्याला मडकी वर, होळीला खाली. त्यात दोन विणी, शेवटची अंडी डिसेंबरात. याउपर एकही नको.

कडकभाकरी:
काय सांगालास बे! गल्लोगल्ली मडकी टांगलेली आहेत, उन्हाळ्यात पिल्लंही निघालीत. आणि मडकं मातीचं आहे की. माठातलं पाणी गार होतंय ते काय फ्रीज लावून?

सूतगिरणी:
माठ गार होतो कारण पाणी पाझरतं आणि त्याची वाफ होते. कोरडं मडकं म्हणजे तंदूर. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, दर दोन तासांनी भिजवा, मग थोडं गार राहील. पण पाणी आत झिरपलं की तळाची विष्ठा ओली, ओल्या विष्ठेत बुरशी, आणि आत चार-पाच पिल्लं. त्यापेक्षा पेटी लावा: ६ × ६ × ९ इंच, पावणेदोन इंची भोक, वरच्या बाजूला हवेची बारीक भोकं, तळाला इंचभर जाड फळीत कोरलेली खोलगट बैठक. लाकूड तापायला वेळ लागतो आणि मागची फळी सरकवून रोज आत बघता येतं.

कडकभाकरी:
पेटी मादी कुरतडून खाती. सांध्यात लाल पिसवा (माइट) बसतात, रात्री बाहेर निघून पिल्लांचं रक्त पितात. मडकं उकळत्या पाण्यात बुडवलं, दोन दिवस उन्हात टाकलं की झालं. नाहीच पटलं तर फोडून नवं आणा. पेटी फोडतोस का?

सूतगिरणी:
पिसवांचा मुद्दा बरोबर. नाइलाजाने लिहितोय.

पण मडक्यात हात जात नाही, ही खरी गोची. अंडी एक दिवसाआड, त्यामुळे पिल्लं वेगवेगळ्या वयाची. थोरलं आठ दिवसांचं तेव्हा धाकटं आजचं, ते तुडवलं जातं किंवा उपाशी राहतं. मेलेलं आतच सडतं आणि वास आल्याशिवाय कळत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी टॉर्च धरून अंड्यात लाल शिरा बघायच्या असतात, त्याही बघता येत नाहीत. शिवाय आतून गुळगुळीत मडक्यात पिल्लांचे पाय फाकतात. वेळेत कळलं तर मऊ पट्टीने दोन्ही पाय नीट अंतरावर बांधून सरळ होतात. हाडं घट्ट झाल्यावर जन्मभर बेडकासारखं बसतं.

शेंगाचटणी:
पाय मडक्यामुळे फाकत नाहीत ओ, रिकाम्या बुडामुळे फाकतात. मडक्याचं बूड मुळात गोल, म्हणजे तुमची ती कोरलेली बैठक कुंभाराने फुकटात दिलेली. रंध्याचा जाडसर भुसा दोन बोटं घाला. पीठ होईल असा बारीक नको, तो नाकात जातो. प्लायवूडचाही नको, त्यात डिंक असतो. मादी अर्धा बाहेर फेकेल, तुम्ही परत घाला.

आणि पूर्वभागातल्या विणकरांनी कृपा करून मडक्यात सूत-चिंधी घालू नये. यंत्रमागाचं सूत घरात आहेच, म्हणून पाखराला गादी! बजीला गादी लागत नाही. ते सूत पिल्लाच्या पायाला गुंडाळतं, काचतं आणि बोटं काळी पडून गळतात.

पंचनामा:
आधी त्याला लव्हबर्ड म्हणणं थांबवा. लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा बजरीगार. १८४० साली पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने ऑस्ट्रेलियातून जिवंत जोडी इंग्लंडात नेली, त्याच्याही आधीपासून त्याला स्वतःचं नाव आहे. दुसऱ्या एका धाग्यावर "उन्हाला टिकतो म्हणून देशी पोपटच पाळा" असं कुणी लिहिलंय, त्यांच्यासाठी: कंठवाला असो की करण पोपट, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची बदलल्या, बंदी तशीच.

कडकभाकरी:
आलं वकील! लव्हबर्ड म्हणून हाक मारली की अंडी घालत नाही का बे ते?

पंचनामा:
एकेरीवर येऊ नका. नाव चुकलं की औषधही चुकतं, इतकंच म्हणणं होतं.

दोनदिवसाआड:
मडकं भिजवा, गोणपाट भिजवा, आंघोळीची थाळी ठेवा. पाणी कुठून आणू? नळाला येतं चार-पाच दिवसांनी. माणसांनी आंघोळ करायची की पाखरांनी? उजनी धरण भरलं काय आणि नाही काय, आमच्या बॅरलला फरक नाही. टँकरवाल्याला विचारा, तो सांगेल उन्हाळा म्हणजे काय.

शेंगाचटणी:
तुमचं दुखणं खरं, पण वेगळ्या धाग्यावर मांडा. बजीच्या थाळीला वाटीभर पाणी लागतं. तेही नको असेल तर ओली कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला टांगा, मादी त्यात अंग घासते आणि भिजल्या पोटानेच अंड्यांवर बसते. ओलावा तिथूनच जातो. पिण्याचं पाणी मात्र उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला. बॅरल झाकलेलं, वाटी सावलीत.

माळवद:
धागा मडक्यात अडकला. मूळ प्रश्न बारमाही विणीचा होता, त्यावर कडकभाकरी यांनी एकही उत्तर दिलेलं नाही. "पिल्लं निघालीत" हे उत्तर नव्हे. अंडी किती, त्यांतली फुटली किती, मादी किती वर्षं जगली? हे सांगा.

कडकभाकरी:
समुद्रफेस टांगलाय की पिंजऱ्यात, ते माकुळाचं पांढरं हाड. तुझं ते कॅल्शियम त्यातच असतंय.

माळवद:
टांगलाय, पण ऊन? ऊन थेट अंगावर पडलं नाही तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय तो समुद्रफेस म्हणजे चोच घासायचा दगड. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. सकाळी अर्धा तास पिंजरा बाहेर, अर्धा भाग सावलीत. आणि नुसत्या बाजरीवर मादी दोन विणीही धड काढू शकत नाही. राळा, वरी, बाजरी मिसळून द्या, भिजवून मोड आलेले मूग, आठवड्यातून दोनदा कुस्करलेलं उकडलेलं अंडं. अंडं दोन तासांत काढून घ्या, उन्हात नासतं. सूर्यफूल चिमूटभर, त्याने चरबी चढते आणि चरबीनेही अंडं अडकतं.

कडकभाकरी:
आता अंडं खायला घाल, मोड आण, सकाळी उठून फिरायला ने. पाखरू पाळलंय का जावई आणलाय?

शेंगाचटणी:
जावयाला निदान वर्षातून सहा बाळंतपणं करायला लावत नाहीत.

सूतगिरणी:
हाहा. पण मडकं उतरवण्याची रीतही लिहायला हवी, नाहीतर लोक हा धागा वाचून उद्याच उतरवतील. आत अंडी-पिल्लं असतील तर हात लावू नका, वीण पुरी होऊ द्या. पिल्लू बाहेर आलं तरी नर त्याला आठ-दहा दिवस भरवतो. दाणे सोलून खाता आल्याशिवाय विकू नका. ३५ दिवसांचं पिल्लू "हाताळलेलं" म्हणून खपवतात, ते घरी जाऊन वाटीसमोर उपाशी मरतं. मग मडकं काढा, नर-मादी वेगळे करा, मूग-अंडं बंद, रोज बारा तास अंधार. तरी तळाला अंडं घातलंच तर लगेच उचलू नका. उचललं की ती जागा भरायला दुसरं घालते.

माळवद:
+१. थव्याने ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. परत मडकी लावाल तेव्हा पाच जोड्यांना सात-आठ, सगळी एकाच उंचीवर, आणि बिनजोडीची मादी एकही नको. नाहीतर वरच्या मडक्यासाठी माद्या एकमेकींची पिल्लं मारतात.

कडकभाकरी:
बरं. पंडित लोकहो, होळीला उतरवतो. तुमचं पटलं म्हणून नव्हे, मे महिन्यातली निम्मी अंडी तशीही फुकट जातात म्हणून. पेटी मात्र मेलो तरी लावणार नाही.

सूतगिरणी:
निम्मी! हेच आधी सांगितलं असतं तर एवढं टाइप करावं लागलं नसतं.

कडकभाकरी:
विचारलं कुणी नीट? ते सोड बे. मडक्याला मागून हात घालायला भोक पाडायचं कसं? छिन्नीने दोन फोडून बसलोय.

शेंगाचटणी:
भाजलेलं फोडत बसू नका. कुंभाराला कच्चं असतानाच पाठीला चार इंची गोल चकती कापायला सांगा, कड तिरकी, म्हणजे झाकण आत पडत नाही. चकती त्याच मडक्याबरोबर भाजून घ्या, वेगळी भाजली तर बसत नाही. वरून तार आडवी बांधा. तोंड पावणेदोन इंचच, त्याहून मोठं नको.