मदत हवी आहे: टीबी गोल्ड पॉझिटिव्ह, पण मणक्याचा टीबी नक्की आहे का?

नमस्कार. आईची पाठ इतकी दुखते की कूस बदलताना ती पलंगाची कड घट्ट धरते. एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती खराब दिसतेय, शेजारी पू साठलाय. रक्ताची टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली. पण ही तपासणी टीबीच्या जंतूंना आपल्या पेशी कसा प्रतिसाद देतात तेवढंच सांगते. संसर्ग सुप्त आहे (जंतू शरीरात, पण आजार नाही) की आजार चालू, हे त्यातून कळत नाही. आणि सुप्त संसर्ग आपल्याकडे किती जणांना असतो! म्हणून औषधांआधी सुईने नमुना काढून सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी), कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं), बायोप्सी व्हावी असं मला ठाम वाटतं. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळेल. आईला मधुमेह आहे. सीटी स्कॅनच्या मदतीने असा नमुना तुमच्यापैकी कुणाच्या घरी काढलाय का? त्रास कितपत झाला? रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी पुढे काय केलं?