मदत हवी आहे: चिकुनगुनियानंतर बोटं धरत नाहीत, हाताला झेपेल असा विरंगुळा सुचवा

ओसरी:
रुग्ण: आई, वय ६१, मुक्काम सांगली. चिकुनगुनियाचा चौथा आठवडा. ताप पाच दिवसांत उतरला, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. आता त्रास आहे तो सांध्यांचा: दोन्ही मनगटं, उजव्या हाताची बोटं, घोटे. सकाळी दीड तास मूठ वळत नाही. अकराच्या सुमारास हात मोकळा होतो, चारनंतर परत जड पडतो. डॉक्टरांनी औषधं दिली आहेत आणि "हलकी हालचाल चालू ठेवा, जोर लावू नका" एवढंच सांगितलंय.

आवडी: क्रोशा (बारीक दोऱ्याचे रुमाल, तोरणं), रांगोळी, शब्दकोडी, वाचन. सध्या सगळंच बंद आहे. सुई चिमटीत धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, जाड पुस्तक मनगटाला पेलत नाही. टीव्हीचा कंटाळा आलाय. डोळे, कान, डोकं ठणठणीत आहे आणि खरी अडचण तीच आहे. औषधोपचार नकोत, काय करता येईल आणि नेमकं कसं, ते सांगा.

गोधडी:
क्रोशा बंद करू नका, सामान बदला. त्यांच्याकडे बहुधा २० नंबरचा सुती दोरा आणि सव्वा मिलिमीटरच्या आसपासची सुई असणार. सुई जितकी बारीक तितकी चिमूट घट्ट लागते. त्यात सुती दोरा लवचिक नाही, तो ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याचा हिसका थेट मनगटावर येतो. दोन्ही तूर्त कपाटात.

आणायचं ते असं: जाड लोकर, फिक्या एकाच रंगाची (गडद लोकरीत टाका दिसत नाही, मग हात चाचपडतो), आणि साडेपाच किंवा सहा मिमीची ॲल्युमिनियमची सुई. फुलोरा असलेली केसाळ लोकर घेऊ नका, चुकलं की उसवत नाही.

सुईची मूठ जाड करायची. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरच्या किंवा एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळते. पाव इंची नळीसाठीची मागा. चार इंचांचा तुकडा कापून सुईच्या मागच्या बाजूने चढवा, आकड्याकडची दोन इंच सुई मोकळी ठेवा. सैल वाटली तर आधी सुईला कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. सुई आत गोल फिरत राहिली तर ती आवरायला बोटं आणखी आवळली जातात आणि सगळा खटाटोप वाया, म्हणून एवढं तपासाच.

धरायची कशी? पेनासारखी नाही. भाजी चिरताना सुरी धरतो तशी, मूठ तळव्यात, तर्जनी वरून नुसती टेकलेली. पेनासारख्या पकडीत सगळा भार अंगठ्याच्या मुळावर येतो, नेमका जिथे त्यांना दुखतंय तिथेच. चाळीस वर्षांची सवय बदलताना पहिले दोन दिवस टाके वेडेवाकडे येतील. येऊ द्या.

डाव्या हाताचं कुणी बोलत नाही, पण लोकर ताणून धरायचं काम तो करतो. करंगळीला दोन वेढे घ्यायची सवय असेल तर सोडा, तर्जनीवरून एकदाच घ्या. गुंडा पातेल्यात ठेवा म्हणजे घरंगळत नाही, आणि दोन-तीन हात लोकर आधीच ओढून मांडीवर सैल ठेवा. मांडीवर उशी, कोपरं उशीवर टेकलेली.

काय विणायचं: सुटे चौकोन. शाल किंवा स्वेटर नको, विणकाम वाढलं की त्याचं वजन मनगटावर लोंबतं.

चार साखळ्या घालून कडी करा. कडीत तीन साखळ्या (हा पहिला खांब, म्हणजे उंच टाका, धरायचा), दोन खांब, तीन साखळ्या. मग तीन खांब, तीन साखळ्या असं आणखी तीनदा, आणि शेवटी सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत जोडून टाका. चार कोपरे दिसले पाहिजेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या खिडकीत (साखळ्यांखालच्या पोकळीत) तीन खांब, तीन साखळ्या, तीन खांब, आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये एक साखळी. तिसरी फेरीही तशीच, फक्त प्रत्येक बाजूला मधल्या एका साखळीच्या खिडकीत तीन खांब जास्तीचे. इथे थांबा, चौकोन वीतभराहून लहान होतो.

चौकोन वाटीसारखा वळला तर कोपऱ्याच्या साखळ्या आवळल्या गेल्यात किंवा एखादा कोपरा राहिलाय. झालरीसारखा लाटा मारायला लागला तर कुठे तरी खांब जास्त पडलेत. साखळी घट्ट येऊन सुई आतच शिरत नसेल तर जोर लावू नका, सुरुवातीच्या साखळीपुरती एक नंबर मोठी सुई वापरा. एक फेरी झाली की सुई खाली.

शांत_पाणी:
महिनाभर दुखतंय आणि तुम्ही विणायला लावताय? विश्रांती म्हणजे विश्रांती. हात वापरूच नयेत.

मूठभर:
@शांत_पाणी, तापात तुमचं बरोबर होतं. ताप उतरून तीन आठवडे झाल्यावर हात पूर्ण बांधून ठेवला तर ताठरपणा वाढतो. डॉक्टरांनीही हालचाल करा म्हटलंय. प्रश्न किती करायचं एवढाच आहे, आणि त्याला सोपं माप आहे: काम थांबवल्यावर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर ते जास्त झालं. दुसऱ्या दिवशी निम्मं करा. काम चालू असताना काय वाटतं यावर जाऊ नका, आवडीच्या कामात दुखणं उशिरा कळतं.

ओसरी, तुम्ही दिलेल्या वेळांवरून हाताची कामं अकरा ते एक या वेळात बसवा. सकाळची वेळ कानाची आणि डोळ्यांची. बसण्याआधी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून पाण्यातच मूठ हळू उघडा-मिटा. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणी बघावं. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी शेक नाही, विणकाम नाही. वेदनाशामक गोळी घेऊन "आता दुखत नाहीये तर चौकोन पुरा करते" हा प्रकार मात्र अजिबात नको. सूज आठवडाभर तशीच राहिली तर डॉक्टरांना परत दाखवा.

रांगोळी सगळ्यात शेवटी सुरू करा. चिमूट, उकिडवं बसणं आणि पुढे वाकणं, तिन्ही एकदम. फारच हौस आली तर टेबलावर ताट, त्यात पाणी आणि झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या.

पाव_इंच:
गोधडी यांची फोमची नळी पेनालाही चालते, शब्दकोड्याचा प्रश्न तिथेच सुटतो. फक्त बॉलपेन नको, त्याला दाबावं लागतं. जेल पेन किंवा स्केचपेन घ्या. वर्तमानपत्रातलं कोडं दीडपट मोठं झेरॉक्स करून पुठ्ठ्याला क्लिपने लावा, म्हणजे डाव्या हाताने कागद दाबून धरायला नको.

वाचनासाठी पोथी ठेवतात ते कात्रीसारखं उघडणारं लाकडी स्टँड, पलंगावरच्या घडीच्या टेबलावर. पान मिटू नये म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावा, पण ते आईंनी दाबायचे नाहीत. पंधरा-वीस पानांनी कुणीतरी सरकवून द्यायचे. जाड कादंबरीपेक्षा दिवाळी अंक बरे, वजनाला हलके आणि मधेच सोडता येतात.

ऐकण्यासाठी आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप. सांगली केंद्र आणि अस्मितावाहिनी दोन्ही त्यात आहेत. मोबाइल हातात धरायचा नाही, स्टँडवर ठेवायचा. अंगठ्याने स्क्रीन सरकवत बसणं क्रोशापेक्षा वाईट. निरोप पाठवायला कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं.

दौतटाक:
डोकं ठणठणीत आहे म्हणताय, तर मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, तिचं वाचन. *लेखन* नाही, वाचन. हाताचा संबंध फक्त पान उलटण्यापुरता.

कोडी आवडणाऱ्या माणसाला मोडी पटकन लागते, कारण ते कोडंच आहे. ओळीवरची रेघ आधी सलग ओढलेली, अक्षरं मागून तिला टांगलेली. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना जोडला की अक्षराचं वळणच बदलतं, त्यामुळे "क" ओळखता आला म्हणून "का" ओळखता येईलच असं नाही. नवशिके इथेच अडकतात. सुटी मुळाक्षरं पाठ करतात आणि ओळ समोर आली की हातपाय गाळतात. म्हणून बाराखडीच शिका, रोज दोन अक्षरांची. छापील मोडीपासून सुरुवात करा, मग पेशवेकालीन हस्ताक्षर. शिवकालीन पत्रं नंतर. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, नोटो सान्स मोडी हा फाँट फुकट मिळतो. तुम्ही संगणकावर रोज एक ओळ मोडीत करून, मोठ्या टाइपात छापून आईंच्या उशाशी ठेवा.

अक्षरं बसेपर्यंत दुसरा खेळ, त्याला तर मोडीही लागत नाही: जुन्या कागदांवरचं साल सोडवणं. मराठी दप्तरांत शुहूर सन (तेव्हाच्या कारभारातली कालगणना) अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात, एकं आधी.

एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९.
दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०.
पुढे मया १००, मयातैन २००, अलफ १०००.

"इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून मृग ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते पुढचा मृग ६००. ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपत त्यातलं, जानेवारीतलं, म्हणून ६०० मिळवायचे. सगळे चुकतात ते इथेच, सरसकट ५९९ मिळवतात आणि अर्ध्या वर्षाच्या नोंदी एक साल मागे जातात. सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन या जोड्याही घाईत फसवतात.

आईंना गृहपाठ: "अर्बा सबैन मया व अलफ". त्या साली ऑगस्ट महिन्यात पुण्यात काय झालं?

खिडकीपाशी:
सकाळच्या त्या दीड तासासाठी: खिडकीतून पक्षी. दिसायची गरज नाही, ऐकायचे. रोज ठरलेली पंधरा मिनिटं, साडेसात ते पावणेआठ. घरातल्या कुणीतरी कॅलेंडरवर फक्त नावं टिपायची. चार-पाच आवाज आधी पक्के करा. शिंप्याचा आवाज त्याच्या आकाराला न शोभणारा मोठा आणि एकच बोल सलग रेटलेला. भारद्वाजाचा खोल, मडक्यातून आल्यासारखा कूप-कूप. बुलबुल बोलका, त्याचे बोल छोटे छोटे, आणि दोन-तीन जण एकमेकांना उत्तरं देतात. धोबी बहुधा पाहुणा असतो, पावसाळा सरताना येतो, उडताना तुटक चिट्-चिट् करतो. तांबटाची टुक-टुक आत्ता फारशी नाही, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होईल. तो बोलताना डोकं इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो आणि दोन तांबट आहेत असं समजून फसायला होतं.

अडलं तर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप, त्यातला भारतातल्या पक्ष्यांचा संच आधी उतरवून ठेवा. पक्षी जवळ यावेत म्हणून खिडकीत मातीच्या परळात पाणी ठेवा.

मूठभर:
परळाचं जपून. चिकुनगुनियाचा एडिस डास अशाच थोड्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडून महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. पाणी दोन बोटं, रोज बदलायचं, आणि कड काथ्याने खरवडून घासायची. घासणार कोण ते आधी ठरवा, आईंच्या मनगटाला ते काम नाही. कुणी नसेल तर परळ ठेवूच नका. बाटलीतला मनी प्लांट आणि कुंड्यांखालच्या बशाही याच हिशेबात धरा.

ओसरी:
परळ रद्द, घासायला कुणी नाही. फोमची नळी आणली, पाव इंची सैल होत होती, चिकटपट्टीचे तीन वेढे लागले. मुठीतल्या पकडीने दोन फेऱ्या होतात, अंगठ्याची कळ येत नाही. तिसरी फेरी केली त्या दिवशी दोन तासांनी मनगट जड, म्हणून परत दोनवर.

@दौतटाक, आईचं उत्तर: ११७४. ऑगस्ट म्हणजे मृगानंतर, म्हणून ५९९. १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून. पुढचा गृहपाठ मयातैनवाला द्या म्हणतेय, आणि बाराखडी "क"पासूनच हवी का "म"पासून चालेल?

दौतटाक:
"म"पासून चालेल. गृहपाठ: "समान अशर मयातैन व अलफ", महिना नोव्हेंबर, शनिवारवाडा.