टेरिटरीचा काळ: एकाच वेळी तीन-तीन वर्ल्ड चॅम्पियन कसे?

पाचोरा_पॅसेंजर
जुन्या प्रो रेसलिंगचा इतिहास लावायला घेतला की गुंता होतो. मे 1968 घ्या. न्यूयॉर्ककडे ब्रूनो सामार्टिनो वर्ल्ड चॅम्पियन, मिनियापोलिसला व्हर्न गान्ये वर्ल्ड चॅम्पियन, आणि जीन किनिस्कीही वर्ल्ड चॅम्पियन. त्याच वर्षी मुंबईत दारासिंग लू थेझला हरवून विश्वविजेता. यातला खरा कोण?
दुसरं, टेरिटरीची, म्हणजे शो लावणाऱ्या एकेका प्रमोटरच्या वाटणीच्या भागाची, हद्द ठरायची कशावर? राज्याच्या सीमेवर तर दिसत नाही. तिसरं, व्हिन्स मॅकमॅहनने सगळ्यांना संपवलं म्हणतात, ते नेमकं कसं? WWE च्या आधीचं काहीच पाहिलेलं नाही असं धरून सांगा.

खान्देशी_सप्लेक्स
भाऊ, पट्ट्यांचं, म्हणजे चॅम्पियनपदांचं, आधी उरकू.

जुलै 1948 मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी मिडवेस्टचे काही प्रमोटर बसले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, उभी राहिली. ही कंपनी नव्हती, प्रमोटरांचा आपसातला करार होता. एकमेकांच्या भागात शो लावायचा नाही. बाहेरचा कोणी घुसला तर सगळ्यांनी मिळून आपले मल्ल तिकडे पाठवून त्याला बसवायचं. चॅम्पियन सगळ्यांचा मिळून एक, तो गावोगाव फिरणार. या मक्तेदारीवर अमेरिकी न्याय खात्याने 1956 मध्ये बडगा उगारला. कागदावर नियम बदलले, व्यवहार बराचसा तसाच चालू राहिला.

आता फाटे कसे फुटले ते. 1960 मध्ये गान्येच्या गटाने एडब्ल्यूए काढली. एनडब्ल्यूएचा चॅम्पियन पॅट ओ'कॉनर यालाच आपला चॅम्पियन मानलं, गान्येशी लढायला 90 दिवसांची मुदत दिली, आणि तो येणार नाही हे ठाऊक असल्याने मुदत संपताच पट्टा गान्येला. लबाडी, पण पद्धतशीर!

न्यूयॉर्कचा मामला वेगळा. एनडब्ल्यूएचा तेव्हाचा चॅम्पियन बडी रॉजर्स 24 जानेवारी 1963 ला टोरांटोत थेझकडून हरला. रॉजर्सच्या तारखा व्हिन्स मॅकमॅहन सीनियर आणि टूट्स माँड यांच्या हातात होत्या, म्हणून बाकीचे प्रमोटर वैतागले होते. पट्टा गेल्यावर या दोघांनी कारण काढलं की लढत एकाच फॉलची (चितपटीची) होती, तीनपैकी दोनची नव्हती, सबब आम्ही मानत नाही. त्यातून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ (पुढची WWF, आजची WWE) निघाली. 17 मे 1963 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनोने रॉजर्सला 48 सेकंदांत पाडलं आणि पट्टा जानेवारी 1971 पर्यंत, इव्हान कोलॉफकडून हरेपर्यंत, सोडला नाही.

म्हणजे तिघंही आपापल्या भागात खरे. पण सगळ्यात जास्त टेरिटरीत ज्याची तारीख लागायची तो एनडब्ल्यूएवाला, आणि 1968 मध्ये तो किनिस्की होता, म्हणून माझं मत किनिस्कीला.

दारासिंगांबद्दल: थेझ जानेवारी 1966 मध्येच किनिस्कीकडून पट्टा हरला होता आणि किनिस्कीने तो फेब्रुवारी 1969 पर्यंत ठेवला. तेव्हा मुंबईच्या लढतीत एनडब्ल्यूएचा पट्टा असणं शक्यच नाही. यात दारासिंगांचं काही कमी होत नाही. थेझचं नाव त्या वेळी कुठल्याही पट्ट्यापेक्षा मोठं होतं.

अमळनेरकर
हद्दीचं मी सांगतो. दोनच गोष्टी: टीव्हीचं सिग्नल पोचतं कुठवर, आणि रात्री लढून गाडीने परत येता येतं कुठवर.

आपल्याकडे टेरिटरी असती तर कशी चालली असती बघा. ऑफिस जळगावला. शनिवारी सकाळी तिथल्या स्टुडिओतून एक तासाचा कार्यक्रम. मग सोमवारी जळगाव, मंगळवारी भुसावळ, बुधवारी अमळनेर, गुरुवारी धुळे, शुक्रवारी शिरपूर, शनिवारी रात्री नंदुरबार. आठवडे बाजाराचं फिरतं दुकान जसं, तसंच. ठरल्या वारी ठरलं गाव, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच गिऱ्हाइकं. मेम्फिसचं वेळापत्रक खरंच असं होतं: शनिवारी सकाळी चॅनल 5 वर थेट प्रक्षेपण, सोमवारी मेम्फिसचं मिड-साउथ कोलिझियम, मंगळवारी लुईव्हिल, बुधवारी एव्हान्सव्हिल.

गिऱ्हाईक तेच, म्हणून बुकरचं (लढती आणि निकाल ठरवणाऱ्याचं) खरं डोकं पुढच्या आठवड्याचं तिकीट विकण्यात लागायचं. टीव्हीवर फुकटात मोठी लढत द्यायची नाही. नावाजलेला मल्ल एखाद्या अनोळखी पोराला दोन-तीन मिनिटांत लोळवणार, मग माइक हातात घेऊन सोमवारच्या लढतीबद्दल बोलणार. हॉलमध्ये पहिल्या आठवड्यात व्हिलन खुर्ची मारून डिसक्वालिफाय होणार. डिसक्वालिफिकेशनवर पट्टा हलत नाही, लोक चिडून घरी. दुसऱ्या आठवड्यात 'नो डिसक्वालिफिकेशन', तिसऱ्यात पिंजऱ्यात कोंडून लढत, शेवटी 'हरेल त्याने गाव सोडायचं'. हरलेला दुसऱ्या टेरिटरीत जायचा, सहा-आठ महिन्यांनी ताजा होऊन परत. किंवा मास्क घालून लगेच! फ्लोरिडात डस्टी रोड्स 'मिडनाइट रायडर' बनून आला आणि 1983 मध्ये त्याने एनडब्ल्यूएचा चॅम्पियन रिक फ्लेअरला हरवलंसुद्धा. पट्टा हवा तर मास्क काढ म्हटल्यावर परत देऊन टाकला.

बिघडायचं कुठे? पायऱ्या गाळल्या की. धंदा पडला म्हणून पहिल्याच आठवड्यात पिंजरा लावला तर त्या दिवशी हॉल भरतो, पण पुढच्या आठवड्यात विकायला काही उरत नाही. दुसरी चूक मालक स्वतःच हीरो किंवा व्हिलन असण्याची. डेट्रॉइटचा शीक (एड फरहात) स्वतःलाच वर ठेवत राहिला. तीच आग, तेच रक्त, तोच अर्धवट शेवट. 1980 मध्ये ती टेरिटरी बंद पडली, आणि त्यात मॅकमॅहनचा काडीचा हात नव्हता.

लालमाती_चाळीसगाव
एवढा अभ्यास नुरा कुस्तीचा? आपल्या तालुक्याचे विजय चौधरी 2014, 15, 16 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. त्यावर लिहा की भो.

खान्देशी_सप्लेक्स
दादा, विजयभाऊंसाठी वेगळा धागा काढा, सगळे येतो. पण एक लक्षात घ्या, निकाल ठरलेला असला तरी एनडब्ल्यूएचा पट्टा बराच काळ खरी कुस्ती येणाऱ्याकडेच दिला जायचा. कारण व्यवहारी होतं. चॅम्पियन परक्या गावात एकटा जाणार, रेफरी स्थानिक प्रमोटरचा. समोरच्याने ठरलेलं मोडून खरोखर खांदे टेकवायचा प्रयत्न केला तर? थेझसारखा माणूस हात मोडून मोकळा झाला असता. शिवाय चॅम्पियनकडून अनामत घेतली जायची. फ्लेअरची 25,000 डॉलर होती. ती परत मिळाली नाही म्हणून 1991 मध्ये तो पट्टा घेऊनच WWF च्या कार्यक्रमात हजर झाला.

आणि या चॅम्पियनचं काम स्थानिक हीरोला मोठं करून निघून जाणं. 60 मिनिटांची बरोबरी हे त्याचं हत्यार. शेवटच्या मिनिटाला हीरोचं डाव टाकणं आणि घंटा. लोकांना वाटतं, आणखी एक मिनिट असतं तर! पुढच्या फेरीचं तिकीट तिथेच विकलं गेलं.

तापीकाठ
मॅकमॅहनकडे येतो. अमळनेरकरांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी टीव्हीची भिंत आधी पडली. अटलांटाचं टेड टर्नरचं स्टेशन डिसेंबर 1976 पासून उपग्रहावरून देशभर दिसू लागलं. त्यावर जॉर्जियाची कुस्ती. ज्या गावात स्थानिक टेरिटरी रोडावली होती तिथल्या माणसाला घरबसल्या दुसरीकडचे चांगले मल्ल दिसायला लागले. करार मोडायच्या आधीच गिऱ्हाईक हद्द ओलांडून गेलं होतं.

1982 मध्ये धाकट्या व्हिन्सने वडिलांची कंपनी विकत घेतली, 1983 मध्ये एनडब्ल्यूए सोडली. त्याची पद्धत जवळपास सगळीकडे सारखी. स्थानिक स्टेशनला पैसे मोजून कुस्तीची वेळ घ्यायची, त्या भागाचा सर्वात मोठा मल्ल उचलायचा, शक्य तर ओळखीचा निवेदकही, आणि मग त्याच हॉलमध्ये आपला शो. एडब्ल्यूएतून हल्क होगन, जीन ओकरलंड, बॉबी हीनन असे एकामागून एक गेले.

पण होगनच्या बाबतीत गान्येचाही दोष आहे. 24 एप्रिल 1983 ला सेंट पॉलमध्ये होगनने एडब्ल्यूएचा चॅम्पियन निक बॉकविंकलला पाडलं, लोक नाचले, आणि लगेच निकाल फिरवला. प्रेक्षकांना ज्याच्याकडे पट्टा हवा होता त्याला तो दिलाच नाही. डिसेंबरमध्ये होगन गेला आणि 23 जानेवारी 1984 ला आयर्न शीकला (डेट्रॉइटचा शीक तो वेगळा) हरवून WWF चॅम्पियन. गान्येने संधी कपाटात ठेवली, दुसऱ्याने उघडून वापरली.

मॅकमॅहनचंही सगळं जमलं असं नाही. जॉर्जियाच्या कुस्ती कंपनीचे शेअर विकत घेऊन 14 जुलै 1984 ला त्याने टर्नरच्या स्टेशनवरची ती वेळ ताब्यात घेतली. दक्षिणेतल्या प्रेक्षकांना त्यांची ओळखीची माणसं दिसली नाहीत, तक्रारींचा पाऊस पडला, आणि 1985 मध्ये ती वेळ दहा लाख डॉलरला कॅरोलिनाचा प्रमोटर जिम क्रॉकेट याला विकावी लागली. त्या क्रॉकेटने पुढे मॅकमॅहनसारखंच देशभर पसरायचं ठरवलं, 1987 मध्ये बिल वॉट्सची कंपनी घेतली आणि खर्चाखाली दबून 1988 मध्ये टर्नरला विकून मोकळा झाला. मेम्फिस मात्र 1997 पर्यंत टिकलं. फेरी छोटी, मल्लांचा मोबदला तुटपुंजा, आणि जेरी लॉलर नावाचा घरचा राजा. मल्लांच्या बाजूने पाहिलं तर त्या टिकण्यात कौतुक कमी आणि पिळवणूक जास्त आहे, हे माझं मत.

पाचोरा_पॅसेंजर
आता चित्र लागलं. पाहायला सुरुवात कुठून करू? आणि वेगवेगळ्या यादीत एकाच लढतीच्या तारखा वेगळ्या का?

अमळनेरकर
सुरुवात डॅलसपासून. 25 डिसेंबर 1982 ची पिंजऱ्यातली फ्लेअर-केरी व्हॉन एरिक लढत. टेरी गॉर्डीने केरीच्या डोक्यावर पिंजऱ्याचं दार आपटलं आणि त्या एका शेवटावर पुढची काही वर्षं हॉल भरले. पण लढत एकटी पाहू नका, आधीचे तीन-चार आठवड्यांचे टीव्ही कार्यक्रम मिळाले तर ते आधी पाहा, नाहीतर लोक एवढे का ओरडतायत ते कळणार नाही. मग सेंट पॉलची एप्रिल 1983, मग 24 नोव्हेंबर 1983 चं ग्रीन्सबरोचं स्टारकेड (क्रॉकेटचा मोठा शो), हार्ली रेस विरुद्ध फ्लेअर.

तारखांचं कारण टेपमध्ये आहे. पुष्कळ टेरिटरीत कार्यक्रमाची एकच टेप एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर आठवड्याने पोचायची. त्यामुळे एकाच लढतीला हॉलची एक तारीख, टीव्हीच्या दोन-तीन. हॉलची धरा. गावाच्या नावाची मुलाखत तेवढी वेगळी जोडलेली असायची, म्हणून क्लिपमध्ये कुठलं गाव आणि कुठला वार म्हणतात ते ऐकलं की टेप कुठली ते कळतं.

खान्देशी_सप्लेक्स
आणि न झालेल्या लढती वेगळ्या काढा. 1979 मध्ये पॅट पॅटरसनने रिओ द जानेरोची स्पर्धा जिंकून WWF चा इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा मिळवला असं यादीत दिसेल. अशी स्पर्धा झालीच नाही. उलट मार्च 1984 मध्ये रेसने न्यूझीलंडमध्ये फ्लेअरला हरवलं आणि दोन-तीन दिवसांत सिंगापूरला पट्टा परत गेला. हे खरंच झालं, पण एनडब्ल्यूएने अमेरिकेत बरीच वर्षं त्याचा उल्लेखही केला नाही. तक्त्यात एक रकाना 'कोणी मान्य केलं' असा ठेवा, 1968 चा तुमचा घोळही त्यातच मावेल.