मदत हवी आहे: पीएम किसानचा हप्ता थांबला, बँक म्हणते आधार लिंक आहे

प्रश्न

खातेदाराच्या नावावर १ हेक्टर १० आर जमीन, नोंदणी २०१९ ची. पीएम किसान पोर्टलवरच्या 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाकला की लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) 'यस', ई-केवायसी 'यस', पण आधार बँक अकाउंट सीडिंग 'नो' दिसतं. बँकेत आधार लिंक असल्याचं सांगतात. नोंदणीत दिलेला खाते क्रमांक बरोबर आहे. मागचे दोन हप्ते आले नाहीत, नमो शेतकरीचेही नाहीत. खाते क्रमांक दुरुस्तीचा अर्ज द्यावा का?

उत्तर १

तो अर्ज देऊ नका, हेलपाटे वाढतील. हे पैसे आधारवर येतात, फॉर्मात लिहिलेला खाते क्रमांक इथे कामाचा नाही. २००० रुपये निघाले की एनपीसीआयच्या (बँकांमधल्या पेमेंटची यंत्रणा चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे आधार आणि बँकेच्या जोडणीच्या यादीत, त्या आधारसमोर कोणती बँक आहे ते पाहिलं जातं. एका आधारसमोर एकच बँक असते आणि रक्कम तिकडेच जाते.

खरी गोम शब्दात आहे. बँक 'लिंक' म्हणते तेव्हा केवायसीला आधार जोडलेला असतो. 'सीडिंग' म्हणजे बँकेने तो आधार मॅपरमध्ये चढवणं, आणि त्यासाठी खातेदाराचं वेगळं संमतीपत्र लागतं. काउंटरवर "आधार लिंक आहे का?" असं विचारलंत तर "हो" हेच उत्तर येणार. "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयला सीडिंग झालंय का?" असं विचारा.

त्याआधी मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने आत जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह ते कळतं. इनॲक्टिव्ह असेल तर शाखेत आधार सीडिंग व डीबीटीचा संमती फॉर्म भरा. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग होतं का, असा रकाना त्यात असतो. तो कोरा सोडू नका, जुन्या बँकेचं नाव लिहा. संयुक्त खातं असेल तर आधार शेतकऱ्याचाच चढला ना, ते विचारा, कारण बायको किंवा मुलाचा चढला तरी पोर्टलवर 'नो'च राहतं. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

प्रश्नकर्ता

बघितलं. जुन्याच बँकेचं नाव आहे, समोर इनॲक्टिव्ह. शाखेत गर्दी असते, आज-उद्या करतात. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर २

आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन बोटाचा ठसा घेऊन घरी उघडतो, सीडिंगही तिथेच होतं. उघडताना डीबीटीची संमती द्यायची, एवढं लक्षात ठेवा. पण हे करण्याआधी विचार करा, दादा: मॅपर बदलला की आधारवर येणारं सगळंच नव्या खात्यात वळतं. गॅसची सबसिडी, लाडकी बहीण, पीक नुकसानीची मदत, काहीही असो. अनेकांचे पैसे 'गायब' होतात ते यामुळेच. मध्येच कुठेतरी नवं खातं उघडलेलं असतं आणि शोध मात्र जुन्या पासबुकात चाललेला असतो.

उत्तर १

अगदी बरोबर. म्हणून स्टेटसमध्ये 'एफटीओ प्रोसेस्ड' (पैसे पाठवण्याचा आदेश निघाला) यस दिसत असेल आणि पैसे नसतील, तर आधी मॅपरमधल्या बँकेचं पासबुक भरून घ्या.

राहिलेल्या हप्त्यांचं: शेतकरी पात्र असेल आणि अडचण फक्त सीडिंगची असेल, तर ती मिटल्यावर थांबलेले हप्तेही मिळायला हवेत. नमो शेतकरी ही राज्याची योजना पीएम किसानच्या पात्र यादीवरच चालते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा अर्ज नाही. सीडिंग होऊनही पोर्टलवर 'नो' राहिलं तर बँकेची पोच आणि मायआधारवरच्या ॲक्टिव्ह स्थितीची छापील प्रत घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा, किंवा १५५२६१ वर तक्रार नोंदवा.

उत्तर ३

शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर ॲग्रिस्टॅकची (शेतकऱ्यांची सरकारी डिजिटल नोंद) नोंदणीही या फेरीत उरकून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, ती खातं रिकामं करण्यासाठीच फिरवतात.